दाराआधीचे भगदाड

मराठी माणूस भिंतीला दार ‘काढतो’, जणू ते दार भिंतीच्या पोटात आधीपासूनच वाढत होते आणि गवंड्याने सुईणीचे काम तेवढे केले. या क्रियापदाला पर्याय शोधू गेल्यास अडचणी उभ्या राहतात, कारण ‘दार फोडणे’ हे चोराचे काम मानले गेले आहे, ‘दार पाडणे’ म्हणजे असलेले दार जमिनीवर आणणे, आणि ‘दार लावणे’ याचा अर्थ दार बसवणे असाही होतो व ते बंद करणे असाही होतो, त्यामुळे सुताराला ‘दार लावून जा’ असे सांगितल्यावर तो काम पुरे करून जाईल की नुसताच जाईल, याची खात्री व्याकरण देऊ शकत नाही. दाराच्या चौकटीला, उंबरठ्याला, बिजागरीला, कडीला, कोयंड्याला आणि अडसरालाही भाषेने स्वतंत्र नावे दिली. मात्र दार येण्यापूर्वी भिंतीत जे ओबडधोबड, दातेरी आणि विटांचा चुरा सांडणारे भोक काही दिवस उघडे राहते, त्याला सर्वमान्य मराठी नाव नाही. बांधकामावरचे लोक त्याला ‘ओपनिंग’ म्हणतात, घरमालकीण त्याला ‘भगदाड’ म्हणते, आणि दोघांचे बरोबर असते.

या भगदाडाची शास्त्रीय व्याख्या अशी करता येईल की दार आणि त्याची चौकट यांच्या एकत्रित मापापेक्षा मुद्दाम थोडी मोठी ठेवलेली, नंतर बुजवली जाणारी आणि म्हणून कोणाच्याही लक्षात न राहणारी जी पोकळी, ती दाराची कच्ची पोकळी होय. उत्तर अमेरिकेत, जिथे घराच्या भिंती उभ्या लाकडी दांड्यांच्या सांगाड्यावर तक्ते ठोकून तयार होतात, तिथे ही पोकळी भिंतीच्या आधीच जन्माला येते: ३६ इंच रुंद आणि ८० इंच उंच दारासाठी सुमारे ३८ इंच रुंद आणि साडेब्याऐंशी इंच उंच जागा सोडली जाते, तिच्या दोन्ही बाजूंना दुहेरी दांडे उभे राहतात, डोक्यावर आडवी जाड तुळई बसते, आणि मगच बाकीची भिंत तयार होते. तिथला सुतार आधी पोकळी आखतो आणि तिच्याभोवती भिंत रचतो. मुंबईच्या चारकोपमध्ये भिंत आधी बांधली जाते, तिला प्लास्टर होते, रंग लागतो, तिच्यावर कालनिर्णय टांगले जाते, आणि त्यानंतर दहापंधरा वर्षांनी, कालनिर्णयाच्या खिळ्याच्या बरोबर खाली, दार हवे होते असे कुटुंबाच्या लक्षात येते.

हा फरक स्वभावाचा वाटला तरी त्याला इतिहासाचा आधार आहे. कांदिवली पश्चिमेकडील चारकोप ही वसाहत, जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने १९८५ पासून राबवण्यात आलेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात, म्हाडाने ‘साइट्स अँड सर्व्हिसेस’ या पद्धतीने वसवली. या पद्धतीचा अर्थ असा की शासनाने तयार घर द्यायचे नाही. आखलेला भूखंड, रस्ता, पाणी आणि मलनिःसारणाची वाहिनी द्यायची, आणि घर ज्याचे त्याने ऐपतीप्रमाणे व सवडीप्रमाणे बांधायचे. भूखंड लहान, अल्प उत्पन्न गटासाठी साधारणपणे २५ ते ४० चौरस मीटरचे, म्हणजे पावणेतीनशे ते सव्वाचारशे चौरस फुटांचे. सुमारे ३५ भूखंडधारकांची एक सहकारी गृहनिर्माण संस्था, आणि त्यांच्या मधोमध एक मोकळे अंगण. हा विचार त्या काळात एकट्या म्हाडाचा नव्हता. चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईत बेलापूरला वाढत जाणारी घरे आखली आणि शेजारच्या घरांच्या भिंती एकमेकींना चिकटू दिल्या नाहीत, जेणेकरून प्रत्येकाला आपल्या भिंतीशी हवे ते करता यावे. बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरच्या ‘अरण्य’ वसाहतीत भूखंड आणि गाभा देऊन उरलेले घर रहिवाशांवर सोपवले. आणि पुढे २००४ साली चिलीमधील इकिके शहरात आलेहांद्रो आरावेना यांनी चक्क अर्धे घर बांधून अर्ध्याची जागा रिकामी ठेवली. आरावेना यांना २०१६ मध्ये आणि दोशी यांना २०१८ मध्ये वास्तुकलेचे प्रित्झकर पारितोषिक मिळाले. चारकोपच्या रहिवाशांनी तेच काम हातोड्याने केले व त्यांना संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत जाब द्यावा लागला.

चारकोपच्या ओळीने उभ्या घरांची रचना ध्यानात घेतली म्हणजे दार काढण्याचा प्रश्न किती अवघड आहे हे उमगते. भूखंड अरुंद असल्याने डावीउजवीकडची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला लागून असते किंवा थेट समाईक असते, आणि समाईक भिंतीत दार काढण्याचा अर्थ शेजाऱ्याच्या देवघरात प्रवेश करणे असा होतो. उरतात दोन भिंती, पुढची आणि मागची, प्रत्येकी तीनचार मीटर लांब. पुढच्या भिंतीत आधीच एक दार, एक खिडकी, विजेचा मीटर, तुळशीचा कट्टा आणि चपलांचा स्टँड आहे, तर मागच्या भिंतीला न्हाणीघर आणि सांडपाण्याचा पाइप यांनी घेरलेले आहे. एवढ्या तुटपुंज्या क्षेत्रफळात कुटुंबाच्या सर्व आकांक्षा दाराच्या रूपाने बाहेर पडू पाहतात. बैठकीच्या खोलीचे झेरॉक्सचे दुकान, शिकवणीवर्ग किंवा ब्यूटी पार्लर व्हायचे असेल तर गिऱ्हाइकाने स्वयंपाकघरातली फोडणी ओलांडून येऊ नये म्हणून दार हवे असते. दोन भावांच्या चुली वेगळ्या झाल्या की ज्या गोष्टीची वाटणी तलाठीही करू शकत नाही ती म्हणजे जाण्यायेण्याची वाट, आणि तिच्यासाठीही दारच हवे असते. दोन भाऊ पुन्हा एकत्र झाल्यामुळे दार बुजवल्याचे उदाहरण ऐकिवात नाही.

तथापि या सर्व प्रकारांत अभ्यासकाने सर्वाधिक वेळ द्यावा असे दार पहिल्या मजल्यावरचे आहे. घरावर मजला चढतो तेव्हा जिना आतून ठेवला जातो, कारण त्या वेळी वर मुलगा राहणार असतो. काही वर्षांनी मुलगा विरारला किंवा पुण्याला जातो, वरची खोली भाड्याने द्यायची ठरते, आणि भाडेकरू रोज रात्री साडेअकराला कामावरून परतून घरमालकांच्या अंथरुणांमधून वाट काढत वर जाणार हे चित्र दोन्ही पक्षांना रुचत नाही. मग पुढच्या बाजूने लोखंडी जिना उभा राहतो. हा जिना वेल्डर तयार करतो, आणि वेल्डरला जिना कोठे पोहोचवायचा आहे यापेक्षा तो कोठून सुरू करता येईल याची काळजी अधिक असते, कारण खाली शेजाऱ्याची स्कूटर उभी असते. जिना वर जिथे पोहोचतो तिथे खिडकी आणि खांब यांच्या मधला दोन फुटांचा तुकडा असतो. अशा रीतीने दाराची जागा वास्तुविशारद, गृहस्वामी किंवा ग्रहताऱ्यांच्या हाती राहत नाही. ती शेजाऱ्याच्या स्कूटरवरून ठरते आणि पुढील पन्नास वर्षे तशीच राहते.

भिंतीच हलवून घेण्याचा मार्ग महाराष्ट्राला अपरिचित नाही. चांगदेवांच्या भेटीला ज्ञानेश्वरादी भावंडे भिंतीवर बसून गेली आणि भिंत चालली, ही कथा आळंदीच्या यात्रेकरूंना आजही भिंत दाखवून सांगितली जाते. तिच्याच सोबत सांगितल्या जाणाऱ्या दुसऱ्या कथेत रुसलेले ज्ञानेश्वर ताटी लावून आत बसतात आणि मुक्ताबाई बाहेरून विनवण्या करतात. ताटी म्हणजे काटक्यांची किंवा बांबूची विणलेली झडप, जी झोपडीच्या तोंडाशी उभी केली की झाले. तिला चौकट नाही, म्हणून चौकटीभोवतीची फट नाही, म्हणून माप चुकण्याची सोय नाही. एकाच घरात चालणारी भिंत आणि न उघडणारे दार असे दोन्ही असू शकते, हा या कथांतील तपशील बांधकाम व्यवसायाच्या दृष्टीने आजवर उपेक्षित राहिला आहे.

दाराची जागा ठरल्यावर ती बदलायला लावणाऱ्या तज्ज्ञाचे आगमन होते. वास्तुसल्लागार ज्या परंपरेचा हवाला देतात, तिच्या जुन्या ग्रंथांपैकी सहाव्या शतकातील वराहमिहिराची ‘बृहत्संहिता’ मात्र सल्लागारांपेक्षा अधिक व्यवहारी आहे. तिच्या वास्तुविद्येच्या अध्यायात द्वारवेधाचा विचार येतो. द्वारवेध म्हणजे दारासमोर झाड, खांब, विहीर, कोपरा अशी आडवी येणारी वस्तू असणे. या कसोटीवर चारकोपमधील एकही दार उत्तीर्ण होण्याची शक्यता नाही, कारण समोर विजेचा खांब नसेल तर पाण्याची टाकी असते, आणि दोन्ही नसतील तर तिथे गणेशोत्सवात मंडप येतो. त्याच अध्यायात पुढे असे म्हटले आहे की मापापेक्षा मोठे दार राजाचे भय निर्माण करते आणि मापापेक्षा लहान दार चोराचे. सल्लागार हा भाग सहसा वगळतात, परंतु मुंबईच्या उपनगरांत वराहमिहिराचे याहून अचूक विधान सापडणार नाही.

राजाचे भय म्हणजे काय, हे मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मध्ये सविस्तर दिलेले आहे. त्याच्या कलम ३४२ प्रमाणे इमारतीत भर घालण्याचा किंवा तिचा काही भाग काढून बदल करण्याचा इरादा असलेल्या माणसाने तसे आयुक्तांना आधी कळवायचे असते, आणि रंगरंगोटीसारख्या किरकोळ दुरुस्त्या तेवढ्या यातून सुटतात. कलम ३५४-अ हे परवानगीवाचून चालू असलेले काम थांबवण्याच्या नोटिशीचे कलम आहे. कायद्यातील ‘इरादा’ हा शब्द विशेष लक्षणीय ठरतो, कारण दार काढणाऱ्या कुटुंबाचा असा इरादा कधीच नसतो. इरादा टाइल्स बदलण्याचा असतो, टाइल्ससाठी खोली रिकामी होते, खोली रिकामी आहे तोवर भिंतीचे पोपडे काढावेत असे ठरते, पोपड्यांबरोबर दोन विटा येतात, आणि दोन विटा आल्याच आहेत तर, या ‘तर’पासून दार सुरू होते. शिवाय २०१८ मध्ये म्हाडाच्या वसाहतींसाठी नियोजन प्राधिकरणाचे अधिकार म्हाडालाच मिळाल्यामुळे, भय नेमके कोणत्या राजाचे धरावे, या प्रश्नावर अंगणातील बाकड्यांवर दोन तट आहेत.

यानंतर मोजमाप. सुतार इंच आणि सूत या मापांत विचार करतो, एका इंचाचे आठ सूत. गवंडी विटांमध्ये मोजतो, म्हणजे त्याला अख्खी वीट, पाऊण आणि अद्धा एवढेच अपूर्णांक मान्य असतात. आणि दुकानातील तयार दाराच्या कागदावर मिलिमीटर छापलेले असतात. सात फूट म्हणजे २,१३४ मिलिमीटर, तर बाजारात सर्रास मिळणारी उंची २,१०० मिलिमीटर. मधले ३४ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंचाहून किंचित अधिक, हे कोणाच्याही भाषेत नसल्याने कोणाचीही जबाबदारी ठरत नाहीत, आणि दाराच्या डोक्यावर सिमेंटची एक जाड पट्टी होऊन कायमचे वास्तव्य करतात.

रुंदीचा हिशेब तर याहून गहन आहे. गृहस्वामी ‘तीन फुटी दार’ मागतो आणि शेवटपर्यंत समजतो की आपल्याकडे तीन फुटी दार आहे. गवंडी त्यासाठी ३७ इंचांचे भगदाड पाडतो, कारण चौकटीच्या दोन्ही अंगांना अर्धा अर्धा इंच मोकळीक लागते. त्यात बाहेरून ३६ इंचांची चौकट बसते. चौकटीची उभी लाकडे प्रत्येकी अडीच इंच जाड धरली तर आतली वाट ३१ इंचांवर येते. आणि दार काटकोनात उघडून उभे राहिले की फळीची जाडी आणखी एक इंच खाते, त्यामुळे जाण्यायेण्यास खरोखर उरतात सुमारे ३० इंच. भिंतीचे नुकसान ३७ इंचांचे आणि माणसाचा लाभ ३० इंचांचा, हे प्रमाण पाहता चौकट हा एक प्रकारचा दलाल आहे असे म्हणता येते, आणि या दलालीबद्दल तिची हळदकुंकू व नारळाने पूजा होते ती वेगळीच. जुन्या वाड्यांत चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडाला गणेशपट्टी म्हणत आणि तिथे गणपती कोरलेला असे. हल्ली न्हाणीघराची चौकट ग्रॅनाइटची करतात, पाण्याने कुजू नये म्हणून, आणि तिच्यावर गणपती कोठे लावावा याचा निर्णय धर्मशास्त्राने अजून दिलेला नाही.

प्रत्यक्ष भगदाड पाडण्याचा मुहूर्त शोधणे हे पंचांगाचे आणि शिक्षण मंडळाचे संयुक्त काम आहे. जून ते सप्टेंबर पाऊस असतो, भाद्रपदात गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र, मग दिवाळी, आणि फेब्रुवारी उजाडताच शेजारच्या घरात कोणीतरी दहावीला किंवा बारावीला असते. मे महिन्यात मिस्त्री गावी जातो. निर्वेध असा काळ तुळशीच्या लग्नानंतरचे काही आठवडे एवढाच उरतो, आणि त्यातही दुपारी दोन ते चार अंगणातील ज्येष्ठ नागरिकांची वामकुक्षी असते. या सर्व अडचणी टाळून जी वेळ निघते तिला मिस्त्री जागेवर नसतो. बोलावल्यावर तो येतो, भिंतीवर बोटाच्या पेराने दोनदा ठोकतो, कान लावतो आणि ‘हो जाएगा’ म्हणतो. भिंतीला कान असतात असे म्हणतात. या प्रसंगी भिंतीला मिस्त्रीचा कान असतो आणि तिने त्याला काय सांगितले, हे तो कधीच उघड करत नाही.

विटांच्या भिंतीत भोक पाडले तरी वरची सगळी भिंत लगेच खाली येत नाही, याचे कारण विटांच्या सांधेबदल रचनेत आहे. एकावर एक सरकवून बसवलेल्या विटा पोकळीच्या दोन्ही अंगांना आपले ओझे ढकलतात आणि मधल्या मोकळ्या भागावर एक न दिसणारी कमान तयार करतात. त्या कमानीच्या आतला त्रिकोणी तुकडाच काय तो निराधार राहतो. तो पेलण्यासाठी पोकळीच्या डोक्यावर आडवी पट्टी घालतात, तिला लिंटेल म्हणतात, आणि तिची दोन्ही टोके बाजूच्या भिंतीत किमान सहा इंच टेकलेली असावी लागतात. गणितासाठी हा त्रिकोण समभुज धरला तर तीन फुटांच्या पोकळीवर तो सुमारे दोन फूट सात इंच उंच भरतो. आता खोलीची उंची नऊ फूट आणि दाराची सात फूट घेतली की दारावर भिंत उरते दोन फूट. म्हणजे कमानीला डोके ठेवायलाही जागा नसते, आणि स्लॅब त्या भिंतीवर टेकला असेल तर त्याचे ओझे थेट लिंटेलवर येते. पाठ्यपुस्तकांतील निसर्गाची ही सवलत चारकोपच्या नऊ फुटी खोल्यांना लागू पडत नाही. म्हणूनच रीत अशी की आधी स्लॅबला टेकू द्यावेत, मग लिंटेलपुरती आडवी खाच पाडून ते घालावे, त्याच्यावर काही दिवस पाणी मारावे म्हणजे काँक्रीट घट्ट होईल, आणि त्यानंतर खालच्या विटा काढाव्यात. मिस्त्रीची रीत अशी की आधी खालच्या विटा काढाव्यात, मग चहा घ्यावा.

या ठिकाणी विनोदाला थोडा वेळ थांबावे लागते. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरची सिद्धीसाई इमारत कोसळून १७ माणसे गेली, आणि तेव्हा तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांवर ठपका आला. पडदी, म्हणजे खोल्या वेगळ्या करणारी साडेचार इंची पातळ भिंत, आणि भार उचलणारी भिंत किंवा खांब यांतील फरक बोटाच्या पेराने ठोकून नेहमी कळतोच असे नाही. त्यासाठी संरचना अभियंता बोलवावा लागतो, जो भिंतीकडे पाहतो, नकाशा मागतो, आणि नकाशा नाही असे कळल्यावर चेहऱ्यावरील भाव बदलतो. त्याची फी चौकटीच्या सागवानापेक्षा कमी असते, तरी घासाघीस तिच्यावरच होते.

भगदाड पडले की त्याच्या कडा हा एक स्वतंत्र विषय होतो. विटा सांध्यावर सुटत नाहीत, मध्येच फुटतात, आणि आखलेल्या ३७ इंचांच्या जागी वर ३९, मध्ये ४२ आणि खाली, जिथे हातोडा जड पडला तिथे, ४५ इंच रुंदी मिळते. या आकाराला भूमितीत नाव नाही, परंतु तो महाराष्ट्राच्या नकाशाशी पुष्कळसा जुळतो, असे मत अंगणात व्यक्त झालेले आहे. या अवस्थेत घर दोनतीन दिवस राहते आणि त्या काळात त्याचे सामाजिक महत्त्व शिगेला पोहोचते, कारण संस्थेतील उरलेली ३४ कुटुंबे एकेक करून ‘सहज’ येतात, भगदाडातून आत डोकावतात, आतल्या भांड्यांची मांडणी पाहून घेतात, आणि दार अजून अर्धा फूट डावीकडे घेतले असते तर बरे झाले असते, असे सांगून जातात. सर्वांत आधी अंगणातले मांजर येते, आणि भगदाडाचा उपयोग दार म्हणून तेच प्रथम करते. कुटुंबातील माणसे मात्र सवयीने जुन्याच दाराने वळसा घालून आत येत राहतात.

चौकट उभी करताना दोन साधने लागतात. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेले वजन, जे उभी रेषा दाखवते. आणि लेव्हल पाइप म्हणजे पाण्याने भरलेली पारदर्शक नळी, जिच्या दोन टोकांना पाणी एकाच पातळीवर राहते व त्यामुळे आडवी रेषा कळते. दोन्ही साधने पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणावर चालतात आणि म्हणून निःपक्षपाती आहेत; प्रश्न असा येतो की खोलीतील भिंती, लादी आणि छत यांपैकी काहीच निःपक्षपाती नसते. ओळंब्याने चौकट सरळ उभी केली की शेजारची भिंत वाकडी दिसू लागते, भिंतीला जुळवून घेतली की दार वाकडे, आणि पाहुण्यांना भिंत जास्त दिसते म्हणून बहुधा निर्णय भिंतीच्या बाजूने जातो. अशा चौकटीत बसवलेले दार बिजागऱ्यांची रेषा कललेली असल्यामुळे आपोआप उघडते किंवा आपोआप मिटते. वराहमिहिराने आपोआप उघडणाऱ्या दाराने उन्माद होतो आणि आपोआप मिटणाऱ्या दाराने कुळाचा नाश होतो, असे नोंदवले आहे. त्यातील पहिला परिणाम दुपारी झोपू पाहणाऱ्या कोणत्याही माणसाच्या बाबतीत पडताळून पाहता येतो, आणि दुसऱ्यावर उपाय म्हणून दाराला पायपुसणे अडकवून ठेवण्याची प्रथा आहे.

चौकट आणि विटा यांच्या मधली फट भरणे हे कामातील सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत प्रामाणिक कृत्य म्हटले पाहिजे. चौकटीच्या प्रत्येक उभ्या लाकडाला दोनतीन लोखंडी पट्ट्या, ज्यांना होल्डफास्ट म्हणतात, ठोकून त्यांची शेपटे भिंतीतील खाचांत काँक्रीटने गाडली जातात, लाकडाची भिंतीकडची बाजू वाळवी व ओल यांच्या भीतीने डांबराने माखली जाते, आणि मग उरलेल्या जागेत सिमेंटचा माल, विटांचे तुकडे, कालच्या वर्तमानपत्राचा बोळा आणि मिस्त्रीची गुटख्याची रिकामी पुडी कोंबली जाते. अलीकडे फुगणारा फेसही वापरतात. प्लास्टर फिरले की यांतले काही दिसत नाही. घराच्या बाकी प्रत्येक भागात माणूस आपले माप बरोबर असल्याचा दावा करतो; इथे, आणि इथेच, माप चुकणार हे आधीपासून धरून चुकीसाठी जागा राखून ठेवलेली असते. चारकोपची मूळ योजनाही अशाच जातीची होती, कारण तिने घर न देता घराभोवतीची मोकळीक दिली आणि तिच्यात कोणाची चौकट कशी बसेल हे ज्याच्या त्याच्यावर सोडले. त्या मोकळिकीत वर्तमानपत्राचे बोळे पुष्कळ कोंबले गेले असले तरी घरे उभी आहेत.

दार लागले की पहिली परीक्षा घेते ते कपाट. लोखंडी गोदरेज कपाट साधारण साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दीड फुटाहून जरा अधिक खोल असल्याने ते ३० इंचांच्या वाटेतून आडवे वळवून जाऊ शकते. अडते ते दारासमोरच्या गल्लीत, जिथे त्याला काटकोनात वळायचे असते. गणितज्ञ लिओ मोझर यांनी १९६६ साली नेमका हाच प्रश्न मांडला: एक एकक रुंदीच्या, काटकोनात वळणाऱ्या बोळातून जास्तीत जास्त किती क्षेत्रफळाचा सोफा नेता येईल? जोसेफ गेर्व्हर यांनी १९९२ मध्ये सुमारे २.२१९५ क्षेत्रफळाचा, टेलिफोनच्या रिसीव्हरसारखा दिसणारा आकार सुचवला, आणि याहून मोठा सोफा शक्य नाही अशी सिद्धता जिनऑन बेक यांनी २०२४ मध्ये मांडली. या सर्व संशोधनात सोफा जमिनीवर सपाट राहतो असे गृहीत धरले आहे. चारकोपच्या हमालांनी तो पहिल्याच दिवशी उभा केला, त्याचे पाय काढले, आणि तरीही जमेना तेव्हा नव्या दाराची झडप बिजागऱ्यांतून उतरवून ठेवली, जी पुढे आठवडाभर भिंतीला टेकून उभी राहिली आणि घरात पुन्हा एकदा नुसते भगदाडच उरले.

जुन्या दाराचे काय होते, हा प्रश्न बहुतेक अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेला आहे. नवे दार उत्तरेला आले की दक्षिणेचे जुने दार बुजवायचे असते, आणि नव्या भगदाडातून निघालेल्या विटांपैकी अख्ख्या राहिलेल्या विटा त्यासाठीच वापरल्या जातात, त्यामुळे भिंतीने एका जागी गमावलेले दुसऱ्या जागी परत मिळवले असे म्हणता येते. जुन्या चौकटीभोवती सोडलेले दाते जुळत नाहीत, नवा माल जुन्या विटांना नीट धरत नाही, पण प्लास्टर, पुट्टी आणि फिकट पिस्त्याचा रंग लागला की काही कळत नाही. मग जुलै येतो, खाडीकडून आडवा पाऊस भिंतीवर बसतो, आणि पिस्त्याच्या रंगावर एके दिवशी सकाळी सात फूट उंच, साडेतीन फूट रुंद असा ओलीचा एक काटेकोर आयत उमटतो, ज्याच्या कडा ओळंब्यात असतात. रंगारी दर दिवाळीला तो घासतो आणि बुजवतो. गावाहून आलेले पाहुणे मात्र अजूनही त्याच्यासमोर येऊन थांबतात आणि बेल शोधतात.